तीन किलो कमी पडले

‘‘डॉक्टर, हिचं वजन अजून तीन-सव्वातीन किलो वाढलं, तर कंपनी पैसे देईल ना?’’

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा चेहरा गंभीर होता. ते थट्टा करत नव्हते. पत्नी 42 वर्षांची, एका खासगी शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) उंची 155 सेंटिमीटर, वजन 81 किलो. मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्यांवरून इन्सुलिनवर आलेला, आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 9.4. आहार बदलून झाला, चालणे झाले, दोन वेळा आहारतज्ज्ञ झाले. दर वेळी पाच-सहा किलो वजन उतरले आणि वर्षभरात परत आले. शेवटी मीच त्यांना बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करा, असे सुचवले होते. सर्जनचेही तेच मत पडले. विमा कंपनीने मात्र पूर्वमंजुरी नाकारली. कारण एका ओळीचे: बीएमआय 35 पेक्षा कमी.

बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा. या बाईंचा तो 33.7 आहे. 35 गाठायला त्यांचे वजन 84 किलोंच्या थोडे वर हवे. म्हणून तो प्रश्न. त्यावर बाईच म्हणाल्या, ‘‘सर, तीन किलो वाढवणं मला मुळीच अवघड नाही. कमी करणंच जमत नाही.’’

विम्यातील हा आकडा कुठून आला, ते पाहू. विमा नियामक ‘इर्डाई’ने 2019 मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्याआधी बहुतेक पॉलिसींमध्ये लठ्ठपणावरचे उपचार सरसकट वगळलेले असत, त्यामुळे हे एक पाऊल पुढेच होते. नव्या अटींनुसार शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्णाचे वय 18 किंवा जास्त हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया वैद्यकीय निकषांना धरून हवी आणि बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक हवा. बीएमआय 35 ते 40 असेल, तर इतर उपाय थकल्यावर आणि सोबत गंभीर आजार असेल तरच. त्या आजारांची यादीही दिली आहे: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह.

40 आणि 35 या सीमारेषा अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 1991 च्या परिषदेत ठरल्या होत्या. तेव्हा या शस्त्रक्रिया पोट मोठे उघडून होत, धोका जास्त होता आणि समोरचे रुग्ण प्रामुख्याने अमेरिकी होते. 2022 मध्ये या क्षेत्रातील अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून हे निकष बदलले. आता 35 च्या वर दुसरा आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचवावी; 30 ते 35 मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा; आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा 27.5 पर्यंत खाली आणावी, असे ते सांगतात. ज्यांनी जुनी रेषा आखली, त्या देशातल्या सर्जननीही ती सोडून दिली. आपल्या पॉलिसीत ती अजून शाबूत आहे.

आशियाई लोकांसाठी वेगळी रेषा का, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातील चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्यावर सारखे, आत वेगळे. आपल्याकडे पोटाभोवती साठणारी ही चरबी कमी वजनातच मधुमेह आणते. 33 बीएमआयचा भारतीय मधुमेही हा अमेरिकी मोजपट्टीवर ‘अजून फार लठ्ठ नाही’ दिसतो, प्रत्यक्षात त्याचे स्वादुपिंड थकलेले असते.

शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का? क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ अभ्यासात 27 ते 43 बीएमआयचे 150 मधुमेही होते. पाच वर्षांनी एचबीएवनसी 6 किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपास गटात 29 टक्के, स्लीव्ह गटात 23 टक्के आणि फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात 5 टक्के होते. हे आकडे मी रुग्णांना दोन्ही बाजूंनी वाचायला सांगतो. औषधांपेक्षा कितीतरी चांगले, हे खरे. पण शंभरातले सत्तर जण त्या पातळीला पोहोचले नाहीत, हेही खरे. रस्त्यावरच्या फलकांवर दिसणारी ‘मधुमेहमुक्ती’ची हमी म्हणूनच मला खटकते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, तो परत जोडता येत नाही. काहींना नंतर छातीत जळजळ सुरू होते. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते आणि वर्षातून निदान एकदा रक्त तपासावे लागते. लग्नाच्या पंगतीत दोन घासांवर हात थांबवावा लागतो आणि ‘अजून एक पोळी घ्या’ म्हणणाऱ्या मावशींना तोंड द्यावे लागते. काहींचे वजन काही वर्षांनी थोडे परतही येते.

आता पैसा. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत आज साधारण अडीच ते पाच लाख रुपये सांगितले जातात. यात मोठा वाटा एकदाच वापरायच्या स्टेपलरचा आणि त्याच्या काड्यांचा असतो. विमा मंजूर झाला, तरी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरच्या दर्जाची खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही; बिलातील इतर बऱ्याच रकमांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी पॉलिसीतली ही ओळ शोधावी. प्रतीक्षा कालावधीही पाहावा. आधीपासूनच्या आजारासाठी तो 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, म्हणजे आज पॉलिसी काढून पुढच्या दिवाळीत शस्त्रक्रिया, हे जमेलच असे नाही. नोकरीच्या ठिकाणी समूह विमा असेल, तर आधी तिथे विचारा. मालकाने कंपनीशी बोलून ठेवलेल्या अटी बरेचदा सैल असतात.

ज्यांचा बीएमआय 35 च्या वर आहे आणि तरीही नकार आला, त्यांनी गप्प बसू नये. ‘इतर उपाय थकले’ हे कागदावर दिसावे लागते: आहारतज्ज्ञांची चिठ्ठी, प्रत्येक भेटीतले वजन, औषधांच्या नोंदी, घोरण्याचा त्रास असेल तर झोपेच्या तपासणीचा अहवाल. आपले लोक नेमके हेच कागद टाकून देतात. कंपनीच्या तक्रार विभागाकडून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील नको. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. मुंबई आणि पुण्यातही कार्यालय आहे. पण लोकपाल पॉलिसीत लिहिलेल्या अटींवर निवाडा करतो. माझ्या या रुग्णाला त्याचा उपयोग नाही, कारण तिची अडचण अटीतच आहे.

म्हणून माझे म्हणणे नियामकाला उद्देशून आहे. 2019 ची अट 2022 च्या निकषांशी जुळवून घ्यावी. किमान आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तिथे रेषा 30 वर आणावी. हप्ते वाढतील, अशी कंपन्यांची हरकत येईल. मात्र याच कंपन्या पुढे याच रुग्णाच्या अँजिओप्लास्टीचे, डायलिसिसचे आणि पायाच्या जखमांचे दावे भरतात. आणि जी अट आजारी माणसाला आणखी आजारी होऊन या म्हणते, ती कोणत्या हिशेबात बसते?

नव्या इंजेक्शनांचे काय, हेही लोक विचारतात. टिरझेपटाइड मार्च 2025 मध्ये आपल्याकडे आले, तेव्हा महिन्याचा खर्च साधारण 14 ते 17 हजार होता. औषध थांबवले की वजन बहुधा परततो तो परततोच, आणि बाह्यरुग्ण औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. या बाईंनी ते चार महिने घेतले, मग मुलाच्या क्लासची फी आली.

पतीच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणालो. तीन किलो मुद्दाम वाढवणे म्हणजे साखर आणखी चढवणे, आणि माझ्या फाइलवर आजचे वजन लिहिलेले आहे, तेही बदलणार नाही. रुग्णालयाने पहिल्याच भेटीत पुढे केलेला मासिक हप्त्यांचा फॉर्म मात्र भरू नका, असे सांगितले. शस्त्रक्रिया उद्याच केली पाहिजे, अशी ही तातडी नाही. त्यांनी गावच्या पतसंस्थेत व्याजदर विचारला आहे, एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी केली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत करायचे की नाही, ते मार्चमध्ये ठरवू म्हणाले. मुलाची बारावीची परीक्षा त्याआधी संपते.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. वजन 82 किलो 300 ग्रॅम. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, ‘‘सर, मुद्दाम नाही हं वाढवलं.’’