समुद्रकाठी उतरायचं, पण कुठं?



नांदगाव खंडेश्वरहून एका बहिणीचं पत्र आलं आहे. चार पानी पत्र आहे. थोडक्यात सांगायचं तर मुलगा नागपूरकडे कारखान्यात कायम झाला, थकबाकी हातात आली आणि त्यानं घरात जाहीर करून टाकलं की यंदा सगळ्यांना अंदमानला नेणार. बेट, पांढरी वाळू, समुद्रकाठचं रिसॉर्ट. एका एजंटाचं रंगीत पत्रकही त्यानं आणलं आहे. घरात माणसं सात : ही बहीण आणि तिचे यजमान, बहात्तरीच्या सासूबाई, मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. पैसे दीड लाखाच्या आत. बहीण विचारते, "ताई, पत्रकातली सगळी हॉटेलं सारखीच दिसतात. निवडायचं कसं? आणि एवढा पैसा पाण्यात घालणं बरोबर आहे का?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक बायांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरला, ६ डिसेंबरला. रात्रभर रेल्वेत उभ्यानं प्रवास, मग चैत्यभूमीची रांग, आणि रांगेतून बाहेर आल्यावर समोर ते अथांग पाणी. पाय बुडवावेत असं वाटलं तरी त्या दिवशी मन तयार होत नाही. म्हणजे समुद्र पाहिला, पण समुद्राकाठी निवांत बसणं काही झालं नाही. सोयाबीन सोंगण्यात आणि कापूस वेचण्यात जिची हयात गेली तिनं चार दिवस नुसतं बसून राहावं, यात चैन कसली? कर्ज काढून जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं. थकबाकीचा पैसा आहे, लेकाची हौस आहे, जा.

आता हिशेब. विमानात दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, म्हणजे तुमचा नातूही धरा. जाऊन-येऊन चौदा तिकिटं. नागपूरहून चेन्नईला किंवा कोलकात्याला बदलून पोर्ट ब्लेअर. (या शहराचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं आहे, तिकिटावर दोन्हीपैकी काही दिसलं तरी घाबरू नका.) विमानभाडं रोज बदलतं, म्हणून इथं आकडा देत नाही. पण मुलाला सांगा, आधी चौदा तिकिटांची बेरीज मांड, नंतर बेटावर ये-जा करणाऱ्या बोटीची, आणि उरेल त्यात रिसॉर्ट पाहा. लोक उलटं करतात. पत्रकातला पोहण्याचा तलाव पाहून खोली ठरवतात आणि मग प्रवासासाठी उसनवारी करतात. दीड लाखात सात जणांचं अंदमान ओढाताणीचंच होईल, हे मी स्पष्टच सांगते.

जहाजाचाही मार्ग आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं सुटतात, आणि त्यातला बंक वर्ग विमानापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. बडनेऱ्याला नवजीवन एक्स्प्रेस पकडली की थेट चेन्नई. पण जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, फेऱ्या महिन्यात मोजक्याच, आणि उलट्यांनी माणूस बेजार होतो. तरण्या पोरांनी जावं. बहात्तरीच्या म्हातारीला आणि तीन वर्षांच्या लेकराला त्यात घालू नये.

समजा, अंदमान ठरलंच. तर पत्रकातल्या फोटोवर जाऊ नका, बेटाची कोणती बाजू ते विचारा. पर्यटक प्रामुख्यानं दोन बेटांवर राहतात : हॅवलॉक आणि नील. २०१८ च्या अखेरीस त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. हॅवलॉकला गावांना आणि किनाऱ्यांना नंबर आहेत. सात नंबरचा राधानगर किनारा पश्चिमेला. लांबलचक मऊ वाळू, सूर्यास्त तिथंच दिसतो. पण बरीचशी हॉटेलं आहेत पूर्वेला, तीन आणि पाच नंबरला, गोविंदनगर-विजयनगरकडे. तिथं भरतीला पाणी अगदी खोलीजवळ येतं, फोटो त्याच वेळचा काढलेला असतो. ओहोटी लागली की पाणी दूरवर मागे सरतं आणि खाली खडक आणि प्रवाळ उघडे पडतात, अनवाणी पायांना बोचणारे. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. म्हणून हॉटेलवाल्याला फोनवर सरळ विचारा, "ओहोटीला तुमच्यासमोर लेकरं पाण्यात बसू शकतात का?" प्रामाणिक माणूस असेल तर सांगतो.

तुमच्यासारख्या कुटुंबाला मी नील, म्हणजे शहीद द्वीप सुचवीन. बेट लहान आहे, शेतीचं आहे. भाजीपाल्याची वाडी दिसली की सासूबाईंना करमेल. फाळणीनंतर आलेली बंगाली निर्वासित कुटुंबं इथं वसली. कष्टाची माणसं आहेत. हिंदी सगळीकडे चालते, आपल्या वऱ्हाडी वळणाची हिंदीसुद्धा. भरतपूरच्या किनाऱ्याला पाणी उथळ आहे. हॅवलॉकला सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येतं, मुक्काम करायलाच हवा असं नाही.

खोली ठरवताना चारच गोष्टी धरून बसा, बाकी रंगरंगोटी आहे. खोली तळमजल्यावर हवी. ज्यांचे गुडघे गेले त्यांना जिना चढायला लावू नये, आणि शौचालय बसायला उंच असलेलं हवं. दोन खोल्या हव्यात, पण शेजारी-शेजारी. जास्तीच्या गादीचे आणि लहान मुलांचे किती, हे लिहून मागा. इथंच बिल फुगतं. कर धरून किती तेही विचारा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, कोणी जुने १२ टक्के लावले तर बोट ठेवा. आणि जेवण. रिसॉर्टमध्ये एका ताटाचे जे घेतात त्यात बाजारातल्या साध्या खाणावळीत घरातले निम्मे तरी जेवतात. म्हणून बाजारापासून पायी अंतरावरची जागा, समुद्रापासून जरा दूर असली तरी, आपल्याला परवडते. तळलेल्या पापलेटाला सासूबाई नाक मुरडतील हेही धरून चाला. थोडं ज्वारीचं पीठ आणि ठेचा पिशवीत असू द्या.

दोन गोष्टी पत्रकात कधीच नसतात. अंदमान फार पूर्वेला असल्यानं आपल्या घड्याळाप्रमाणे तिथं पहाटे पाचलाच उजाडतं आणि थंडीत सायंकाळी पाच-सव्वापाचला दिवस मावळतो. दुपारी खोली मिळाली की दिवस संपलाच समजा. सकाळच्या बोटीनं जा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका, पोर्ट ब्लेअरला येऊन राहा. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी बंद झाल्या, हॅवलॉक आणि नीलला हजारावर पर्यटक अडकून पडले आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना आणावं लागलं. तुमचं दिवाळीच्या सुट्टीचं चाललं आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच त्या बाजूच्या वादळांचे दिवस. जानेवारी ते एप्रिल बरे.

एजंटाच्या पत्रकात 'बाराटांग' असेल. चुनखडीच्या गुहा दाखवतात. तिथं जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २०१२ मध्ये जारवा बायांना पर्यटकांसमोर खाण्याच्या आमिषानं नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली होती. आज त्या रस्त्यावर फोटो काढणं, थांबणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे, तरी गाडीच्या काचेतून डोळे वटारून पाहणारे जातातच. आपल्या आजा-पणजाला लोकांनी कसं पाहिलं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो एक दिवस पत्रकातून खोडून टाकावा आणि समुद्राकाठी घालवावा.

आता पत्राच्या शेवटच्या पानावरची एक ओळ. यजमान म्हणतात, "एवढ्या मोठ्या हॉटेलात आपल्याला कोण विचारतं? आडनाव पाहून तोंड वाकडं केलं तर?" त्यांना हसू नका. उतरायचं कुठं, हा प्रश्न आपल्या घरांत नुसता पैशाचा कधीच नव्हता. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा कोणी जागा देईना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, आणि काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. त्याच माणसाच्या हातून घडलेल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये हॉटेलचा शब्दच आहे : दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही. तेव्हा यजमानांना सांगा, नोंदवहीत पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहा. पैसे भरण्याआधीच फोनवर आडनाव सांगून बुकिंग करा आणि पावती नावासकट घ्या. मोठ्या हॉटेलात हा त्रास सहसा नसतो. घरगुती जागेत, जिथं स्वयंपाकघर घरमालकाचंच असतं, तिथं कधीकधी गप्पांच्या ओघात "तुम्ही कोणते?" असं येतं. उत्तर सरळ द्या. ताट वेगळं आलं, तर पैसे परत मागा आणि बाहेर पडा. गावात दुसरी घरं असतात.

एवढं सगळं सांगून माझं मत विचाराल तर या वर्षी मालवणला जा. सासूबाईंना विमानात बसवायचं हीच मुलाची हौस असेल तर गोष्ट वेगळी; मग तिला हिशेब लावू नये. (त्यासाठी अंदमानच हवं असंही नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. तुमच्या रस्त्यावरच आहे. वेळापत्रक पाहून घ्या.) बेट तर मालवणलाही आहे. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावरच बांधला, १६६४ ते १६६७ या काळात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पाण्यासाठी ज्यांनी कोसभर पायपीट केली आहे त्या बाईला या विहिरी पाहून जे वाटेल ते पांढऱ्या वाळूनं वाटणार नाही.

जायचं असं : अमरावतीहून किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर चैत्यभूमी आणि राजगृह, रात्री मुंबईहून कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी, सकाळी कुडाळ, तिथून एसटीनं मालवण. कधीकधी नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेऱ्यावरून सोडतात. ती मिळाली तर मुंबईचा फेरा वाचतो. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा तारीख गाठून ठेवा. कोकणच्या गाड्या सुट्टीत तासाभरात भरतात. राहायला तारकर्ली. तिथं एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधल्या पट्टीवर एमटीडीसीचं निवासस्थान आणि असंख्य घरगुती खोल्या आहेत. पावसाळ्यात किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ बंद असतात, म्हणून जून ते ऑगस्ट जाऊ नका.

पाण्याचं सांगते. आपली पोरं विहिरीत, बेंबळेच्या डोहात पोहलेली असतात आणि त्यांना वाटतं, पोहता येतं. डोहाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी पायाखालची वाळू घेऊन मागे ओढतं. कमरेच्या वर कोणीही जाऊ नये, मुलगासुद्धा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्या दिवशी नुसतं काठावर बसा. बोटीत चढताना सातही जणांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि नातवाला त्याच्या मापाचं. नसेल तर उतरा आणि दुसरी बोट पाहा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून १५ जण गेले, आणि त्या बोटीत अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोटवाला "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका.

सासूबाईंचा प्रश्न राहिला. त्यांनी सुनेकरवी विचारलं आहे, "लुगड्यावर पाण्यात जाऊ देतात का व माय?" रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात सहसा देत नाहीत, तिथं नायलॉनचे कपडे लागतात, नाही तर पहारेकरी बाहेर काढतो. समुद्राला कोणी पहारेकरी नाही. काष्टा घट्ट खोचायचा, नातीचा हात धरायचा आणि गुडघाभर पाण्यात बसायचं. लुगडं मात्र जुनंच न्या, खाऱ्या पाण्यानं काठ विटतो, आणि खोलीवर आल्यावर गोड्या पाण्यातून दोनदा काढा.