कर्जदाराने सहलीला जावे काय?

‘ऋण काढून सण’ करणाऱ्याला मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली. कर्ज काढावे ते घरासाठी, विहिरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी. चैनीसाठी नव्हे, असा पांढरपेशा घरांतील अलिखित दंडक होता. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो मोडीत निघाला आहे. आता सहलीसाठी वैयक्तिक कर्ज मिळते, विमानाचे तिकीट हप्त्यांवर मिळते आणि दूरच्या शहरातील मॅरेथॉनचे प्रवेशशुल्क, बूट व हॉटेलचे भाडे क्रेडिट कार्डावर चढते. उलटपक्षी, ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज किंवा कार्डाची थकबाकी आहे असा एखादा तरुण कारकून वा शिक्षक रविवारी पहाटे धावताना किंवा सुटीत गडावर निघालेला दिसला, की ‘आधी कर्ज फेड, मग ही थेरं कर’ असे त्याला ऐकवले जाते. बाजार म्हणतो, आज मौज करा, उद्या फेडा. वडीलधारी मंडळी म्हणतात, कर्ज फिटेपर्यंत मौज नको. या दोन्ही सल्ल्यांत तथ्य किती, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण हा प्रश्न आता एकेका घरापुरता उरलेला नाही.

देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत घसरली. कित्येक दशकांतील हा नीचांक होता. कुटुंबांचे एकूण कर्ज २०२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपलीकडे गेले. त्यात घरासाठी घेतलेल्या कर्जापेक्षा अन्य किरकोळ कर्जांचा वाटा मोठा आहे, आणि या कर्जांचा बराच भाग उपभोगासाठी घेतला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असुरक्षित ग्राहक कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, आणि बँकांच्या क्रेडिट कार्डांवरील येण्यांसाठी तो १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे अशी कर्जे देणाऱ्या बँकांना पूर्वीपेक्षा अधिक भांडवल राखून ठेवणे भाग पडले. मध्यवर्ती बँकेला असा लगाम खेचावा लागतो, तेव्हा घोडा उधळण्याच्या बेतात आहे असे समजावे.

जामीनदार गेला, घाई आली

कर्ज पूर्वीही होते. शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पगारदार पतसंस्था महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या आधारावर कित्येकांची घरे उभी राहिली. परंतु त्या कर्जाची एक रीत होती. अर्ज लिहावा लागे, कारण द्यावे लागे, दोन सहकाऱ्यांना जामीन राहण्याची विनंती करावी लागे. महिनाअखेर पगारातून हप्ता परस्पर कापून जाई. सहकाऱ्याला ‘महाबळेश्वरला जायचे आहे, जामीन राहा’ असे सांगण्याची हिंमत कोणाला होत नसे, आणि या संकोचानेच अनेक अनावश्यक कर्जे जन्माला येण्यापूर्वीच मरत. आज फोनच्या पडद्यावर दोन-चार ठिकाणी बोट टेकवले की पैसे खात्यात जमा होतात. जामीनदार नाही, कारण विचारणारा नाही, आणि मन बदलण्यास लागणारा वेळही नाही. कर्ज सुलभ झाले याचे स्वागतच केले पाहिजे. गरजूला सावकाराच्या दारात जावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण सुलभतेबरोबर विचाराची फुरसतही गेली, हे नाकारता येत नाही.

हिशेब साधा आहे. सहलीसाठी ६० हजार रुपये १४ टक्के व्याजाने दोन वर्षांकरिता घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,८८० रुपये पडतो आणि एकूण परतफेड ६९ हजारांवर जाते. हीच सहल दोन वर्षांनी करण्याचे ठरवून दरमहा २,५०० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर तेवढीच रक्कम जमते, शिवाय वर थोडे व्याज मिळते. दोघांचीही सहल एकच, दऱ्या-डोंगर तेच. फरक एवढाच की एकाने आधी वाट पाहिली आणि दुसरा नंतर फेडीत बसला. क्रेडिट कार्डाची गोष्ट याहून कठीण आहे. दरमहा साडेतीन टक्के व्याजाने ५० हजारांची थकबाकी असेल, तर एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते. पाच टक्के या दराने ‘किमान देय’ म्हणून २,५०० रुपये भरणाऱ्याच्या मूळ रकमेत जेमतेम ७५० रुपयांची घट होते. व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळाच. असा दर सालीना ४२ टक्क्यांच्या घरात जातो. सालीना ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा या बाबतीत ग्राहकाचे रक्षण मुख्यतः त्याच्या स्वतःच्या हिशेबावरच अवलंबून आहे.

हे आकडे कोणाच्या खिशातून जातात, तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ मध्ये वाढवण्यात आले, तेव्हा प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकासाठी ते दरमहा १६ हजार रुपये ठरले. वर सांगितलेला २,८८० रुपयांचा हप्ता म्हणजे या मानधनाचा १८ टक्के हिस्सा होय. चार दिवसांच्या मौजेपायी दोन वर्षांच्या मिळकतीचा जवळजवळ पाचवा भाग गहाण पडतो.

संन्यासाचा सल्लाही खोटा

मग वडीलधाऱ्यांचा सल्ला बरोबर मानावा काय? तोही पूर्णतः पटण्याजोगा नाही. शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत असू शकते. ते फिटेपर्यंत प्रवास नाही, खेळ नाही, मित्रमंडळ नाही असा नेम कोणी केला, तर त्याची उमेदीची सारी वर्षे त्या नेमातच सरतील. असा नेम टिकतही नाही. तीन महिने कडक उपास करणारा चौथ्या महिन्यात एकदम ताटावर तुटून पडतो, तसे कर्जदाराचे होते. कंटाळून तो एकाच सुटीत वर्षाची बचत उधळतो. ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या पाच किलोमीटरांतच दम घालवणारा शेवटपर्यंत पोहोचत नाही, हे कोणताही धावपटू सांगेल. कर्जफेडीलाही झेपेल अशीच चाल लागते.

खरी कसोटी ही की, जो आनंद चार दिवसांत संपतो त्याचा हप्ता पाचव्या दिवशी उरता कामा नये. घराचे कर्ज वीस वर्षे फेडले तरी घर वीस वर्षे वापरता येते. शिक्षणाच्या कर्जातून मिळकतीची शक्यता निर्माण होते. सहल आणि शर्यत यांचा लाभ शरीराला व मनाला होतो, तो अमोल असतो, पण त्यातून हप्त्याची तजवीज होत नाही. म्हणून त्यांचा खर्च चालू मिळकतीतूनच झाला पाहिजे. यातून क्रमही आपोआप ठरतो. सर्वांत महाग कर्ज, म्हणजे कार्डाची थकबाकी, आधी संपवावी. तोवर धावणे गावातल्या रस्त्यावर आणि फिरणे एका दिवसात परतता येईल इतके. त्यानंतर शैक्षणिक कर्जासारखी तुलनेने स्वस्त कर्जे फेडीत असताना लहानशी रक्कम सहलीसाठी बाजूला टाकण्यात कोणताही अपराध नाही.

धावणे आणि हिंडणे या मुळात स्वस्त गोष्टी आहेत. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालतो. दिंडीची भिशी आधी भरतो, आणि परतताना त्याच्या डोक्यावर देणे नसते. राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून आहे. तिच्या पासावर कित्येक विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. पुण्याचा धावपटू तेथे एसटीने जाऊ शकतो. धावण्याला लागतात ते बूट आणि पहाट. खर्च वाढतो तो शर्यतीभोवती उभ्या राहिलेल्या बाजाराने. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि आज तिच्या विविध गटांत साठ हजारांवर माणसे उतरतात. एवढ्या लोकांनी धावायला लागावे ही आनंदाची बाब आहे. पण प्रत्येक शर्यत पदकासाठी, प्रत्येक पदक नव्या शहरात आणि प्रत्येक शहर कार्डावर, अशी साखळी जडली की धावणे मागे पडते आणि खरेदी पुढे जाते.

याच महाराष्ट्रात लता भगवान करे यांनी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धाव घेतली, ती पतीच्या तपासण्या व उपचारांसाठी बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून. त्यांच्या जीवनावर २०२० मध्ये चित्रपटही आला. एकाच रस्त्यावर एक जण पदकासाठी कर्ज काढून धावतो आणि दुसरी व्यक्ती कर्ज टळावे म्हणून धावते. कर्जबाजारीपणाचे खापर केवळ चैनीवर फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. असंख्य घरांत कर्ज शिरते ते इस्पितळाच्या दारातून आणि फीच्या पावतीतून, सहलीतून नव्हे.

सार्वजनिक सोयींचा प्रश्न

येथेच हा विषय व्यक्तीच्या शिस्तीपलीकडे जातो. कमी मिळकतीच्या माणसाचा फुरसतीचा आनंद सार्वजनिक सोयींवर उभा असतो: एसटी, रेल्वेचा शयनयान डबा, धर्मशाळा, युवक वसतिगृह, शाळेचे मैदान, चालण्याजोगा पदपथ. या सोयी आटल्या की तोच आनंद बाजारातून विकत घ्यावा लागतो, आणि खिशात पैसे नसले की कर्जाने घ्यावा लागतो. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. एसटीची भाडी जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या बाजूला, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे भाडे लागू झाले, तेव्हा बाया-बापड्यांना माहेर, बाजार आणि देवस्थान एकदम जवळचे झाले. प्रवास ही चैन आहे की गरज, या वादाचा निकाल बरेचदा तिकिटाच्या दरातच लागतो.

शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप लावायचे, पदपथ वाहनांना देऊन टाकायचे, आणि मग तरुणांनी व्यायामशाळेची वर्गणी हप्त्यांवर भरली म्हणून त्यांना उधळे ठरवायचे, हा न्याय नव्हे. नगरपालिकांनी सकाळ-संध्याकाळ मैदाने खुली ठेवली, महामंडळाने सुटीच्या हंगामात गडांच्या पायथ्यांपर्यंत साध्या गाड्या सोडल्या, शहरांच्या शर्यतींत विद्यार्थ्यांसाठी नाममात्र शुल्काच्या जागा राखल्या, तर त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. उपभोगाच्या कर्जाला आळा घालण्याचा तो जोखीमभाराइतकाच परिणामकारक उपाय ठरेल.

तेव्हा कर्जदाराने सहलीला अवश्य जावे आणि पहाटे धावावेही. कर्ज आहे म्हणून माणसाचा श्वास मोकळा होण्याचा हक्क संपत नाही. मात्र निघण्यापूर्वी परतीच्या तिकिटाचे पैसेही खिशात असावेत, आणि शर्यत संपल्यावर मागे हप्ता धावत येणार नाही एवढी खातरजमा त्याने करून घ्यावी.