स्वीडनचा एकटेपणा आणि आपले समाधान

एरिक गांदिनी यांच्या 'द स्वीडिश थिअरी ऑफ लव्ह' (2015) या माहितीपटावरील आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष असा, की त्यांची कुटुंबे मोडली, आपली टिकली. मला तो मान्य नाही.

एकट्याने मेलेल्या, कोणी चौकशीही न केलेल्या माणसांची दृश्ये माझ्याही मनातून जात नाहीत. पण माहितीपटात 1972चा जो जाहीरनामा येतो, त्याची मागणी काय होती? बायकोने नवऱ्यावर, म्हाताऱ्या आईबापांनी मुलांवर पैशासाठी अवलंबून राहू नये. नाती प्रेमाने टिकावीत. आदल्याच वर्षी तिथे पती-पत्नींची करआकारणी वेगळी झाली होती. 1974मध्ये मूल झाल्यावरची पगारी रजा बापालाही मिळू लागली. आपल्याकडे नोकरी करून सासऱ्यांचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या आणि मूल तापले की स्वतःच रजा टाकणाऱ्या सुनेला याचे मोल विचारा. लेखात या सुधारणांचा साधा उल्लेखही नाही, हे मला फार खटकले.

शिवाय आपली घरे इतकी भक्कम असती, तर आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून 2007 साली संसदेला कायदा का करावा लागला? त्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे मुलांविरुद्ध अर्ज करणारे वृद्ध याच समाजातले आहेत.

वाचकांनी हा माहितीपट जरूर पाहावा. घरातल्या बायकांबरोबर बसून पाहावा आणि त्यांचे मत आधी ऐकून घ्यावे.

– एक वाचक, सातारा