टाचेखाली फोम नको

कोल्हापूरजवळच्या उचगाव, गांधीनगर, सरनोबतवाडी या पट्ट्यातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी डोकवा. शिफ्ट संपवून आलेली पोरं बॉक्सवर उड्या मारतात, बर्पी काढतात आणि लगेच खांद्यावर बार घेऊन बैठकांना लागतात. बहुतेकांच्या पायांत पळायचे बूट असतात, टाचेखाली जाड मऊ फोम असलेले. पगारातून पैसे बाजूला काढून ते घेतलेले असतात, त्यामुळे सांगायला जिवावर येतं. पण या व्यायामाला ते बूट चुकीचे आहेत.

पळताना माणूस सरळ पुढं जातो आणि पाय पुन्हा पुन्हा आदळतो. तो दणका सोसायला फोम असतो. खांद्यावर वजन आलं की तोच फोम दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. आतल्या बाजूनं जास्त दबला की घोटा आत कलतो आणि त्याच्यामागोमाग गुडघाही. समोरून मोबाइलवर शूटिंग करायला सांगा, स्वतःलाच दिसेल. दमल्यावर तर हे हमखास होतं. जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावानं ओळखला जाणारा व्यायाम घ्या: २० सेकंद जीव तोडून काम, १० सेकंद विसावा, असे ८ फेरे. सहाव्या-सातव्या फेऱ्यात पायाकडं लक्ष द्यायला कुणाला सवड असते?

पाय कशावर टेकलाय, याला किती महत्त्व आहे हे कोल्हापूरला नव्यानं सांगायला नको. तालमीत जोर-बैठका अनवाणीच होतात, बोटं मातीत रुततात. पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीतून थेट मॅटवर, आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. आजही मॅटवरच्या पैलवानाचा बूट पाहा: तळ पातळ, घोटा बांधलेला, टाचेखाली गादी नाही.

मग जिममध्येही अनवाणीच का नको? कारण तिथं लोखंडी प्लेट पायावर पडू शकते.

दुकानात गेलात की बूट हातात घ्या. टाच अंगठ्यानं दाबा. अंगठा सहज रुतला तर ठेवून द्या. वाकवून बघा, तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध नव्हे. दोन्ही टोकं धरून पिळा, सहज पिळला तर बाजूला उडी मारताना तो पाय सावरणार नाही. मग आतला इनसोल काढून त्यावर उभे राहा. अनवाणी आणि चपलांत वाढलेले आपल्याकडचे पाय पुढं रुंद असतात; बोटं इनसोलबाहेर जात असतील तर तो बूट कितीही भारी असो, तुमचा नाही. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजतात.

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य जिंकलं. त्याच्यासारख्या वेटलिफ्टरांचे बूट टाचेला उंच आणि टणक असतात. वजन उचलायला उत्तम, उड्या मारायला वाईट. ज्याला नुसतं वजनच मारायचंय आणि खिसा हलका आहे, त्यानं सपाट तळाचे साधे कॅनव्हास घ्यावेत. महागड्या फोमपेक्षा ते कधीही बरे. उड्या आणि वजन दोन्ही असेल तर मात्र सपाट, टणक तळाचे ट्रेनिंग शूजच हवेत.

जिमचालकांकडे एक मागणी आहे. नव्या पोराचं वजन पहिल्या दिवशी लिहून घेता, तेव्हाच त्याचे बूटही हातात घेऊन बघा. आणि बाहेरचे बूट काढायला दाराशी रॅक ठेवा. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल घेऊन आलेला तळ रबरी मॅटवर घसरतो, मग बूट कितीही पारखून घेतलेला असो.