गजर वाजल्यावर धावणार कोण?

खुब्याचे हाड मोडले की सत्तरीपुढच्या अनेकांचे चालणे कायमचे थांबते, आणि अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, बेडसोअर, रक्ताच्या गुठळ्या असा फेरा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात आणि सर्वांत मोठा वाटा साठीपुढच्यांचा असतो. तेव्हा एखाद्या वृद्धाश्रमाने गादीखालचा सेन्सर, भिंतीवरचा कॅमेरा आणि मनगटावरचा पट्टा दाखवला, तर घरच्यांना हायसे वाटणे स्वाभाविक आहे. पण माणूस उठला किंवा पडला अशी वर्दी देणारे यंत्र पडणे थांबवत नाही. माणसे केव्हा, कुठे, कशामुळे पडतात हे दाखवणारे यंत्र मात्र ते थांबवायला मदत करू शकते, अर्थात त्यावर काम करणारे हात असतील तर. आपला पैसा या दुसऱ्या कामावर खर्च व्हायला हवा.

गादीच्या गजराची परीक्षा कसून झालेली आहे. अमेरिकेतील मेम्फिसच्या एका रुग्णालयात १६ वॉर्डांमध्ये, २७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गजरांचा वापर कित्येक पटींनी वाढला, पडण्याचे प्रमाण मात्र हलले नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पलंग आणि खुर्ची दोन्हींवर सेन्सर लावून पाहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्षही तोच. कारण समजायला अवघड नाही. भार हलका झाल्यावर घंटी वाजते, तोवर आजी उभ्या राहिलेल्या असतात. तोल जाऊन जमिनीवर यायला फार तर सेकंद-दीड सेकंद लागतो, आणि रात्रपाळीची एकटी मावशी त्या वेळी दुसऱ्या खोलीत कोणाचे तरी डायपर बदलत असते. नुसती कूस बदलली तरी वाजणाऱ्या घंटीकडे पुढे पुढे दुर्लक्षच होते. त्याहून वाईट म्हणजे, उठले की आवाज होतो या धसक्याने माणूस उठायचेच सोडतो, मांड्यांतली ताकद जाते आणि धोका वाढतो. अमेरिकेच्या मेडिकेअर यंत्रणेने शुश्रूषागृहांसाठीच्या सूचनांमध्ये असे गजर हालचालीवरचे बंधन ठरू शकतात, असे नोंदवले ते याचसाठी.

याउलट कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात काय झाले ते पाहा. तिथल्या दोन दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांच्या सामायिक जागांतील कॅमेऱ्यांमध्ये १३० जणांचे २२७ वेळा पडणे टिपले गेले. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने पक्के समज हलवले. पाय घसरून पडणारे जेमतेम ३ टक्के होते, अडखळणारे २१ टक्के, आणि तब्बल ४१ टक्के वेळा शरीराचा भार चुकीच्या बाजूला टाकल्याने तोल गेला होता. चालताना पडणारे अनेक होतेच, पण नुसते उभे असताना आणि बसायला जाताना पडणारेही थोडे नव्हते. म्हणजे खुर्चीची उंची, वळण्याची सवय, कंबर आणि पायांचा व्यायाम हेही फरशीइतकेच महत्त्वाचे. बादली-तांब्याच्या ओल्या न्हाणीघरांत आपल्याकडचे आकडे वेगळे निघू शकतील. पण ते कळायला आपल्या नोंदी हव्यात, आणि नोंद ठेवणे हे यंत्राला उत्तम जमते.

कारण कळल्यावर काम माणसांनीच करायचे असते. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत परिचारिकांनी प्रत्येक रुग्णाचे धोके आणि त्यांवरचे उपाय त्याच्यासह आणि घरच्यांसह बसून ठरवले व उशाशी तक्ता लावला. त्यानंतर तिथे पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि पडून इजा होण्याचे ३४ टक्क्यांनी घटले. काही ठिकाणी तक्ता संगणकावरून छापला जाई, काही ठिकाणी तो हाताने भरायचा साधा कागद होता. रात्री लघवीला कोण किती वाजता उठते, झोपेची गोळी कोणाला चालू आहे, रक्तदाबाच्या औषधाने उभे राहताना कोणाला चक्कर येते, ही माहिती तिथे कामाला येते.

‘माणसेच मिळत नाहीत, म्हणून तर यंत्र आणतो,’ असे संचालक म्हणतील. अडचण खरी आहे. पण गजर मावशीचे काम कमी करत नाही, तिला आणखी एका खोलीकडे पळायला लावतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे कॅमेरे आणि रडार खोटे गजर कमी करतील, असेही सांगितले जाते. करतीलही. शिवाय पडलेला माणूस तासन् तास जमिनीवर राहू नये यासाठी त्यांचा उपयोग निश्चित आहे, त्यासाठी ते जरूर घ्यावेत. मात्र ती पडल्यानंतरची मदत झाली. खासगीपणाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात चित्रण नको, तिथे आकृती न दाखवणारे सेन्सर पुरेत. आणि संमती मुलाच्या सहीवर भागवू नये, ज्यांना समजते त्या आजी-आजोबांना स्वतः विचारावे.

वृद्धाश्रमांना अनुदान देणाऱ्या सामाजिक न्याय विभागाने तपासणीत सेन्सर किती हे विचारण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: रात्रपाळीला किती रहिवाशांमागे एक कर्मचारी असतो याचा आकडा, आणि गेल्या वर्षभरात कोण, कुठे, किती वाजता, काय करताना पडले याची वही. घर निवडणाऱ्या मुलांनीही हेच मागावे. वही नसेल, तर सेन्सरचे पैसे आधी रात्रीच्या दुसऱ्या मावशीच्या पगाराला द्यावेत.