शेतीचे अर्थशास्त्र आणि शहर

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तेथे सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ मध्ये ७ एकरांवर आली होती. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभाचा हिशेब १९४८ मध्ये मांडला. या शास्त्राचा पाया आपल्याच मातीत असा घातला गेला.

आज पिंपळे सौदागरात उत्तुंग इमारती उभ्या आहेत. तेथील एखाद्या मुलाने शेती व नैसर्गिक साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र शिकावयाचे म्हटले, तर घरची मंडळी कपाळाला हात लावतील! हा विषय केवळ शेतकऱ्याचा, ही समजूत भ्रामक आहे. थोड्या क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा घेतो. भूगर्भातील पाणी ज्याला जमेल तो उपसतो, पण खालावणारी पातळी कोणाच्याच जमाखर्चात चढत नाही. धरणाच्या पाण्यात तर शहरही वाटेकरी आहे. हा हिशेब मांडणारी माणसे विद्यापीठांनी घडवावयाची नाहीत, तर कोणी?

मात्र नुसती सूत्रे पाठ करून हे शास्त्र साधत नाही. विद्यार्थ्याने निदान एक हंगाम खेड्यात काढावा, अशी अट पदवीस असावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात. आता तर खणलेल्या विहिरीस पाणी लागेल, याचीही शाश्वती उरलेली नाही.