गृह-आरोग्य : गुडघेदुखी आणि सुईचे उपचार

वडीलधाऱ्यांची गुडघेदुखी ‘वयोमानच तें’ म्हणून सोसूं देणें, किंवा घाईनें सांधाबदल उरकणें, हीं दोन्ही टोकें आम्हांस अप्रशस्त वाटतात. मधली वाट सुईची आहे. सांध्यांत स्टेरॉइड टोचल्यास कांहीं आठवडे आराम पडतो. परंतु दर तीन महिन्यांनीं दोन वर्षें तें टोचलें असतां कूर्चा अधिक झिजली व वेदनेंतही मिठाच्या पाण्याहून अधिक उतार पडला नाहीं, असें अमेरिकेंतील २०१७ सालच्या चांचणींत आढळलें. वेदना वाहणारे मज्जातंतु रेडिओलहरींच्या उष्णतेनें निकामी केल्यास आराम कांहीं महिने टिकूं शकतो.

मात्र झिजलेली कूर्चा यांनीं भरून येत नाहीं. मिळालेली उसंत मांडीच्या स्नायूंच्या व्यायामांत व वजन उतरविण्यांत लावावी. आजींस रोज चार पावलें चालावयास सोबत करणें, हें घरच्यांचेंच काम. तें कोणत्याही डॉक्टरावर सोंपवितां येणार नाहीं.